मृगयेचा हंगाम

हिवाळ्यातील निरभ्र रात्री लहान मुलांना आकाशातील मृग नक्षत्र दाखवावयाचे, हा आपल्याकडे घरोघर चालत आलेला प्रघात आहे. चार कोपऱ्यांवरचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि पाठोपाठ उगवणारा तो लखलखीत तारा म्हणजे बाण सोडणारा व्याध. माझ्या आजोबांनी मला हे सारे अंगणात उभे करून दाखविले तेव्हा मी विचारले होते, की तो बाण कोणी काढीत का नाही. आजोबांनी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. ग्रीक लोकांना मात्र ह्याच ताऱ्यांत हरीण दिसले नाही. त्यांना दिसला तो शिकारी. आपण ज्याला पोटातला बाण म्हणतो तो त्यांच्या ओरायनचा कमरपट्टा आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली आपल्या ‘ओरायन’ ग्रंथात ह्याच नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पण आज मला कालनिर्णयाविषयी बोलावयाचे नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या बाणाविषयी.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात माझ्या पुतणीकडे चार महिने राहण्याचा योग आला. गाव लहान, सॉक परगण्यातले. घरामागे ओक वृक्षांची राई, तिच्यापलीकडे मक्याची शेते. शेजारी एक सत्तरीला आलेले गृहस्थ राहत असत. शाळेत मुलांना सुतारकाम शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मी गेलो ते ऑगस्टचे दिवस. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या अंगणातून थोड्या थोड्या वेळाने ‘थप्प’ असा आवाज येऊ लागला. कुंपणापाशी जाऊन पाहिले, तर म्हातारबुवा धनुष्य ओढून रबरी फेसाच्या एका हरणावर बाण सोडीत होते. एक बाण सोडावयाचा, शांतपणे चालत जाऊन तो उपटून आणावयाचा, जरा थांबावयाचे, आणि मग दुसरा. मी विचारले, “आपल्या देशात बंदूक तर सहज मिळते. मग हा खटाटोप कशाला?” ते हसून म्हणाले, “हंगाम संपेपर्यंत येथेच आहात ना? मग शेवटी विचारा.”

ते शेपटीवाले हरीण, ज्याला तिकडे ‘व्हाइट-टेल’ म्हणतात, त्याची ओळख प्रथम करून दिली पाहिजे. आपल्या काळविटाचे ते सगोत्र नव्हे. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. ह्याची, आपल्या सांबर-चितळांप्रमाणे, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. उन्हाळाभर त्या नव्या शिंगांवर मखमलीसारखी लव असते. शरदाच्या तोंडाशी नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासून ती सोलून टाकतो. घाबरले की ते शेपटी उभारते, आणि खालची पांढरीशुभ्र बाजू निशाणासारखी फडकावीत झाडीत दिसेनासे होते. ऐकणे, हुंगणे आणि हालचाल टिपणे ह्या तिन्ही बाबतींत आपण माणसे त्याच्यापुढे आंधळी-बहिरीच.

धनुष्याचा हंगाम विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि नाताळ ओलांडून जातो. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास, अवघा नऊ दिवसांचा. ही विभागणी उगाच नाही. बंदूकवाला दोनशे यार्डांवरून काम उरकू शकतो. धनुष्यवाल्याला वीस-पंचवीस यार्डांच्या आत जावे लागते, आणि इतक्या जवळ सावध हरीण येऊ देत नाही. १९३४ साली ह्या राज्याने धनुर्धरांसाठी प्रथम हंगाम मोकळा केला, सॉक आणि कोलंबिया ह्या दोनच परगण्यांपुरता. सुमारे चाळीस जण रानात गेले. त्या सर्वांनी मिळून मारले एक हरीण.

आजचे धनुष्य त्या वेळच्यासारखे राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मिझुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसविण्याची युक्ती काढली आणि १९६९ साली तिचे स्वामित्व मिळविले. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे खेचावी तितका जोर वाढत जातो, आणि पूर्ण ताणल्यावर हात थरथरू लागतो. ह्या चाकांच्या धनुष्याचे उलट असते. मध्यावर तीस किलोंचा जोर लागतो. पण चाके फिरून दोरी पूर्ण मागे आली की पाच-सहा किलोच हातावर राहतात. त्यामुळे नेम धरून काही क्षण थांबता येते. ह्या यंत्राला धनुष्य म्हणावे की नाही, ह्यावर तिकडे कडाक्याचे वाद होतात. आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर वडिलांचे जुने लाकडी धनुष्य टांगलेले होते. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ते अधिक सुंदर आहे, पण माझा खांदा आता म्हातारा झाला, आणि माझ्या खांद्याची शिक्षा हरणाने का भोगावी?”

त्यांची तयारी मी रोज पाहत असे. पहिले पंधरा दिवस जमिनीवरून नेम. मग पडवीच्या छपरावर चढून. कारण खरी शिकार मचाणावरून, आणि उंचावरून खाली सोडलेला बाण वेगळा जातो. मग जाडजूड कोट चढवून, कारण नोव्हेंबरात बाहीच दोरीला अडकली तर सारे फुकट. कधी दोनशे पावले धावत येऊन, धाप लागलेली असताना. बाणाच्या फाळाची पाती ते स्वतः परजीत आणि मनगटावरचे केस तासून धार पाहत. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाणाचे तसे नाही. बाण कापतो, आणि रक्त गेल्याने जनावर मरते. पाते वस्तऱ्यासारखे असेल आणि ते दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर हरीण शंभर पावलांच्या आत काही सेकंदांत कोसळते. पाते बोथट असेल किंवा नेम वीतभर चुकला, तर काय होते ते पुढे सांगतो.

मचाणाला तेथे लोखंडी शिडी आणि आसन असते, आणि बसणाऱ्याने कंबर-खांद्यांना पट्टे बांधून स्वतःला झाडाशी जखडून घ्यावयाचे असते. शिकाऱ्यांचे हातपाय मोडतात ते बहुधा मचाणावरून पडून. एक दिवस त्यांच्याबरोबर मी राईत हिंडलो. ओकची फळे कोठे जास्त पडतात, बुंध्यांवर शिंगे घासल्याच्या खुणा कोणत्या दिशेला आहेत, खुरांनी माती उकरून नराने आपली खूण कोठे सोडली आहे, हे ते पाहत होते. मला वाटले होते की ते हरीण शोधीत आहेत. पुढे ध्यानात आले, की ते वारा शोधीत होते. खिशातली पिठीची लहानशी बाटली दाबून ते चिमूटभर पीठ हवेत सोडीत आणि ते कोठे वाहते ते पाहत उभे राहत. एकाच नराच्या वाटेवर त्यांनी दोन मचाणे बांधली. एक वायव्येच्या वाऱ्यासाठी, एक दक्षिणेच्या. वारा त्या दोहोंनाही सोयीचा नसला तर त्या दिवशी घरी बसावयाचे. शिकारीला जाण्याचे कपडे वासरहित साबणाने धुऊन, पालापाचोळा घातलेल्या पेटीत ठेवलेले. पुतणीने त्यांना एकदा फोडणीच्या पोह्यांचा आग्रह केला, तेव्हा ते व्याकुळ चेहऱ्याने म्हणाले, “जानेवारीत देशील का?”

ह्या सोवळ्याचे मला हसू येई. पण नंतर इशीची हकिकत वाचली, आणि हसू थांबले. कॅलिफोर्नियातील याही नावाच्या आदिवासी जमातीचा इशी हा शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जमात जवळजवळ कापून काढली. उरलेली चार माणसे डोंगरांत लपून जगली, आणि १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ हा एकटाच, भुकेलेला, लोकांच्या हाती लागला. त्याने आपले नाव कोणालाही सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्यांच्या भाषेत नुसते ‘माणूस’. सान फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात त्याला ठेवण्यात आले. त्याला पाहणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप हे शस्त्रवैद्य. त्यांनी त्याच्याकडून धनुष्य करावयास आणि मारावयास शिकून घेतले. इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखूचा वास अंगाला लागू देत नसे. शिकारीच्या सकाळी डोक्यापासून पायापर्यंत स्नान करी, तोंड धुई आणि उपाशीपोटी निघे. सशाचा किंवा पाडसाचा आर्त स्वर तो हुबेहूब काढी आणि जनावरालाच आपल्याकडे येऊ देई. १९१६ साली क्षयाने तो वारला. मित्रांनी त्याच्याबरोबर त्याचे एक धनुष्य, पाच बाण आणि ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली. पोपनी १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि आजच्या अमेरिकन धनुर्धरांच्या छंदाला त्या पुस्तकाने मोठी चालना दिली. ज्यांचा निर्वंश केला, त्यांच्यातल्या अखेरच्या माणसाकडून त्यांची विद्या शिकावी, ह्यात काहीतरी असे आहे की ज्यावर टीका करावी की गहिवरावे हे मला अजून ठरविता आलेले नाही.

आता कायद्याविषयी थोडे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीमुळे अमेरिकेतील ह्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. मग चोरट्या शिकारीच्या व्यापारावर बंदी, ठरावीक हंगाम आणि ठरावीक परवाने आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी बांधून दिला, आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या करात आले. आज तेथे ही हरणे सुमारे तीन कोटी आहेत, असा अंदाज आहे. ती इतकी, की माझ्या पुतणीच्या बागेत फुलझाडाचा एक शेंडा उरत नसे, आणि रात्री मोटार हाकताना तिचे अर्धे लक्ष रस्त्याच्या कडेला असे. लांडगे मारून टाकल्यावर हरणांना आवर घालणारे दुसरे कोण उरले होते? ह्या प्रश्नाचा विचार ज्यांनी खोलवर केला ते आल्डो लिओपोल्ड ह्याच सॉक परगण्यात नदीकाठी एका पडीक शेतावर येऊन राहत. ते स्वतः धनुष्ये तासून करीत. त्यांच्या पत्नी एस्टेला तर राज्यातील अव्वल धनुर्धर. तरुणपणी आपण मारलेल्या लांडगिणीच्या डोळ्यांतले विझत गेलेले हिरवे तेज त्यांना जन्मभर विसरता आले नाही, आणि त्यातूनच पुढे त्यांचे अरण्यविषयक विचार पालटले. हरणांचे कळप कमी करा, असे १९४० नंतरच्या दशकात ते सांगू लागले तेव्हा लोकांनी त्यांना पुष्कळ शिव्याशाप दिले.

आपल्या देशात ह्या साऱ्याचा निकाल निराळा लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिची दारे बंद केली. ते योग्यच झाले. कोल्हापूर-बडोद्याकडे संस्थानी काळात पाळीव चित्ते गाड्यांवर बसवून माळावर नेत आणि काळविटांच्या कळपावर सोडीत. पाहुणेमंडळी गाडीवरून मजा पाहत. त्या प्रकारात धावे चित्ता, मरे काळवीट, आणि शिकारी म्हणवून घेत महाराज. अशा मृगयेसाठी कोणी डोळे ओले करण्याचे कारण नाही.

पण मृगयेचे आकर्षण आपल्याला परके आहे असे मात्र म्हणता यावयाचे नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया १८८० साली ज्या ‘शाकुंतला’ने घातला, त्याच्या मूळ नाटकाचा पडदा उघडतो तो धनुष्य ताणून हरणामागे रथ दौडविणाऱ्या राजावर. कालिदासाने दुसऱ्या अंकात ह्या विषयाच्या दोन्ही बाजू मांडून ठेवल्या आहेत. सेनापती म्हणतो, शिकारीने मेद झडतो, अंग हलके होते, हलत्या लक्ष्यावर बाण बसण्यासारखा आनंद नाही. विदूषक बिचारा अंग मोडल्याची, अवेळी खाण्याची आणि पानांनी गढूळलेल्या पाण्याची तक्रार करतो. दोघेही खरेच बोलतात. तथापि आमच्या शेजाऱ्यांचे बोलणे ह्या दोघांच्याही बोलण्यात बसत नव्हते.

ऑक्टोबरच्या शेवटी एका पहाटे त्यांनी मला बरोबर नेले. मचाणावर दोघांना जागा नाही, म्हणून राईच्या कडेला एका कापडी खोपटात आम्ही बसलो. सूर्योदयाला तासभर अवकाश होता. पायांतून थंडी चढत होती. प्रथम नुसता अंधार. मग त्या अंधाराला खोडांच्या रेघा पडल्या. मग एका खारीने एवढा गलबला मांडला की मला वाटले हत्ती आला. हळूहळू माझ्या लक्षात आले, की गेला अर्धा तास मी कसलाही विचार केलेला नाही, नुसता ऐकत आहे. इतके सबंध ऐकणे मी आयुष्यात पूर्वी कधी केले असेन असे वाटत नाही. पुढे एक मादी दोन पाडसांसह आली. इतकी जवळ, की चावताना ओकची फळे फुटल्याचा आवाज कानी येत होता. तिच्या मागून नर. शेजाऱ्यांनी धनुष्य ताणले. नर थांबला. चाळीसएक यार्ड. ते थांबले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तितक्याच सावकाश त्यांनी दोरी सैल सोडली. नर निघून गेला. घरी परतताना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझी हद्द पंचवीसची. ऑगस्टमध्ये मी ती आखली. आज सकाळी ती बदलावयाची नसते.” त्यांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. उलट, काही मिळाल्यासारखा तो माणूस दिवसभर शीळ घालीत होता.

ज्या दिवशी बाण सुटला त्या दिवशी मी नव्हतो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, नरांच्या मदाचे दिवस, सायंकाळची वेळ. हरीण बावीस यार्डांवर उभे होते, हद्दीच्या आत. पण बाणापेक्षा आवाज वेगवान. त्या अंतरावर बाणाला पाव सेकंद लागतो, आणि दोरीचा टणत्कार त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानी पोहोचतो. सावध हरीण उडी घेण्यासाठी प्रथम खाली दबते आणि वळते. एवढ्यात होत्याचे नव्हते होते. त्यांनी उतरून बाण शोधला. तो आरपार गेला होता, आणि त्याला हिरवट ओल आणि दुर्गंधी होती. फुप्फुसाचे रक्त गुलाबी, फेसाळ असते, यकृताचे काळपट. ह्या हिरव्या ओलीचा अर्थ, बाण आतड्यांतून गेला. अशा वेळी लगेच मागे जावयाचे नसते. गेले तर जखमी जनावर मैलोगणती पळते. आठ-दहा तास थांबावयाचे, म्हणजे ते जवळच कोठे तरी बसते. ते थांबले. आमच्या ओटीवर येऊन बसले, चहा घेतला, एक शब्द बोलले नाहीत. मध्यरात्री पाऊस आला. मी खिडकीतून पाहिले तर ते अंगणात उभे होते, भिजत.

सकाळी रक्ताचा माग धुऊन गेलेला. आम्ही पाच जण पाचपाच पावलांचे अंतर ठेवून राईतून, मग मक्याच्या धसकटांतून, मग ओढ्याच्या काठाने चाललो. जखमी जनावर पाण्याकडे जाते म्हणतात. दुपारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीही. ते प्रत्येक झुडपापाशी गुडघ्यांवर बसून पाहत. तिसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. हरीण सापडले नाही.

हंगामाचे दोन महिने उरले होते. परवाना तसाच होता. कायद्याच्या दृष्टीने जे हरीण हाती आले नाही ते मोजले जात नाही. पण त्यांनी धनुष्य पेटीत घातले आणि पेटी माळ्यावर टाकली. मी म्हटले, “अजून वेळ आहे.” ते म्हणाले, “परवाना एका नराचा होता. तो मी घेतला.”

मी त्यांची बाजू मांडीत नाही. धनुष्याने जखमी होऊन न सापडणाऱ्या हरणांवरून त्यांच्याच देशात तीव्र मतभेद आहेत, आणि तो आक्षेप पोकळ नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. ज्याला मांस हवे त्याला दुकाने आहेत. मी स्वतः ते खात नाही, आणि धनुष्य हाती धरावे असे मला तेव्हाही वाटले नाही. पण दुकानातून पुडा आणणाऱ्या कोणा माणसाला मी पावसात मध्यरात्री उभे राहिलेले पाहिलेले नाही. आपल्या जुन्या कथांना हे चांगले ठाऊक होते. दशरथाने आवाजावर सोडलेला बाण श्रावणबाळाला लागला; पंडूचा बाण मृगरूपातल्या मुनीला. आपल्याकडे धनुष्य आणि हरीण एकत्र आले, की पाठोपाठ कोणाचा तरी शाप येतोच. शाप देणारा मुनी तेथे नव्हता. ते काम ते गृहस्थ स्वतःच करीत होते.

डिसेंबरात माझे निघणे ठरले. आदल्या रात्री ते निरोप घेण्यास आले, आणि आम्ही बर्फात अंगणात उभे राहिलो. पूर्वेला राईच्या वर ते ओळखीचे तारे आले होते. ते म्हणाले, “तो पाहा, शिकारी.” मी त्यांना आमचे चित्र सांगितले, चार पाय, पोटातला बाण, आणि पाठीमागून येणारा व्याध. हंगाम संपल्यावर विचारावयाचा तो प्रश्न मी विसरलो नव्हतो, पण तो आता विचारवेना. ते पुष्कळ वेळ वर पाहत राहिले.

“त्याला शोधावयास कोणी गेले का?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “व्याध अजून त्याच्या मागेच आहे.”